सपाट वाटेवरचे संकट

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांसाठी मार्गदर्शन मुबलक आहे. सोप्या वाटेची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही, आणि म्हणूनच स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत भलेभले गडी बसथांब्यावर धारातीर्थी पडतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

इंटरलाकेनहून रेल्वेने लाउटरब्रुनेनला उतरावे. इथून दरीच्या टोकाच्या श्टेशेलबर्ग गावापर्यंत नदीकाठाने साधारण साडेसहा किलोमीटर चालायचे आहे. एकूण चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, तोही इतका पसरलेला की तो चढलात हे घरच्यांना पटवून द्यावे लागेल. ‘एवढंच?’ असे म्हणून पायांत चपला घालू नयेत. याच वाटेने परतही यायचे आहे.

निघताना पिवळी पाटी वाचावी. या देशात पायवाटांचे जाळे सुमारे ६५,००० किलोमीटरचे असून पाट्यांवर बहुधा अंतर नसते, वेळ असतो. तो ताशी ४.२ किलोमीटर या सपाटीवरच्या वेगाने काढलेला, विश्रांती न धरता. त्यात फोटो नाहीत, चिवडा नाही, ‘काकू कुठे राहिल्या?’ नाही. मराठी कुटुंबाने पाटीवरच्या वेळेला दोनाने गुणावे. सोबत काकू असल्यास तिनाने.

पहिली परीक्षा गाव संपण्याआधीच येते. श्टाउबबाख हा जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा उभ्या कड्यावरून सुटतो आणि वाऱ्याने खाली पोचेपर्यंत त्याचे तुषार होतात. १७७९ मध्ये जर्मन कवी गटे इथे आला आणि त्याला कविता सुचली. आपल्याला सेल्फी सुचतो; त्याला हरकत नाही, पण तो काढून झाल्यावर पुढे निघावे. सहलीच्या गाडीतून आलेले पुष्कळसे लोक इथूनच परत फिरतात आणि दरी ‘केली’ असे सांगतात.

यापुढे खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे कसलीच अडचण नसणे. दोन्ही बाजूंना हिमनदीने तासलेले उभे कडे, मधे ताटासारखा सपाट तळ, हिरवी कुरणे, गळ्यातल्या घंटा वाजवीत चरणाऱ्या गाई. अर्ध्या तासाने तेच. पाऊण तासाने तेच, फक्त गाई वेगळ्या. सह्याद्रीत धाप लागली की माणूस गप्प होतो. इथे धाप लागत नाही, त्यामुळे फ्लॅटच्या मेंटेनन्सपासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळे विषय निघतात. ते निघू द्यावेत, मात्र इस्टेटीच्या वाटणीचा विषय परतीसाठी राखून ठेवावा. कंटाळा आल्यास वर पाहावे: एखादा इसम कड्यावरून उडी टाकून छत्री उघडताना दिसेल. त्याचे अनुकरण करू नये.

वाटेत शेतकऱ्याच्या दारात चीज ठेवलेले असते, शेजारी पैशांची पेटी, आणि माणूस कोणीच नाही. आपली नजर आधी कॅमेरा कुठे आहे हे शोधते. पेटीत नाणी टाकावीत, चीज घ्यावे आणि फ्रँकचे रुपये करू नयेत. गुणाकाराने भूक मरते.

अर्ध्या वाटेवर ट्रुमेलबाख लागतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी कोसळते, भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. तिकीट आहे, काढावे. आत बोगद्यातून जाणारी लिफ्ट आहे, त्यामुळे इथेही दमायची सोय नाही. आतल्या गर्जनेत एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, आणि संसारी माणसाला एवढे तिकीट महाग वाटू नये.

बाहेर आलात की खरा शत्रू समोर उभा असतो. पिवळी, स्वच्छ, वेळेवर येणारी पोस्टबस. ती याच दरीतून श्टेशेलबर्गला जाते आणि तुमच्या खिशातल्या स्विस पासवर फुकट नेते. फुकट हा शब्द मनात आला की गुडघा दुखू लागतो. अशा वेळी बसकडे पाठ करून नदीकडे पाहावे. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाने तिचे पाणी दुधाळ झालेले असते. बस गेल्यावर गुडघा आपोआप बरा होतो.

श्टेशेलबर्गला पोचल्यावर पेढे वाटू नयेत. तिथे काठ्या टेकीत आलेल्या आजीबाई कॉफी पीत बसलेल्या असतात. त्या वरून, ओबरहोर्नच्या तळ्यावरून, हजारभर मीटर उतरून आलेल्या असण्याची शक्यता आहे. त्यांनी विचारल्यास आपण आत्ताच बसने आलो, असे सांगावे.