काचेवर दोरा, चव्हाट्यावर अब्रू

अहो, कळलं का? चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली, घराचे हप्ते वेळेवर भरणारी माणसं हल्ली मध्यरात्री दिवे घालवून फिशटँकपुढे उकिडवी बसतात! एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग. आतून कुणी झोपायला हाक मारली, तर उत्तर काय? “श्श! तो बाहेर आलाय!” तो म्हणजे काचेवरून चाललेला नखाच्या कडेएवढा पांढरा किडा. हौसेने आणलेल्या एंजलमाशाकडे कुणी ढुंकून बघत नाही. सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना प्रसादाच्या शिऱ्याबरोबर किड्याचे क्लोजअप दाखवतात म्हणे. शिव शिव!

बरं, किडा दिसला एवढ्यावर भागत नाही. त्याचं कूळ, चालचलणूक, खाण्यापिण्याच्या सवयी, सगळी चौकशी होते. मुलीला स्थळ बघतानासुद्धा लोक एवढं खोलात जात नाहीत. पहिला प्रश्न चालीचा. वळवळतो की सरकतो?

वळवळत असेल, दोऱ्यासारखा बारीक असेल आणि भिंगातून अंगावर वळ्या दिसत असतील, तर तो गाळातला किडा, डेट्रिटस वर्म. खडीत राहायचं, माशांनी टाकलेलं खायचं, कुजलेली पानं संपवायची, एवढाच त्याचा संसार. खडी ढवळली किंवा पाण्यात प्राणवायू कमी पडला की बिचारा वर येतो आणि घरात किंकाळी उठते. पण आतली गोष्ट ऐका. हा त्याच नायडिडी कुळातला, ज्या कुळातला ट्युबिफेक्स! तोच तो लाल गुंता, जो दुकानातून पैसे मोजून माशांसाठी आणतात. लाल भाऊबंदाला पाटावर बसवायचं आणि पांढऱ्यासाठी औषधाची बाटली शोधायची! याला न्याय म्हणतात?

सरकत असेल, तर मात्र सावध. अंग चपटं, डोकं त्रिकोणी, त्यावर दोन तिरळे डोळे: हा प्लॅनेरिया. (डोकं गोल आणि अंग दोन-तीन मिलिमीटरचं ठिपक्यासारखं असेल, तर तो दुसराच साधाभोळा चपटा किडा; त्याच्या नादी लागू नका.) प्लॅनेरियाचं तोंड डोक्यावर नाही, पोटाच्या मधोमध! तिथून नळी बाहेर काढून तो शोषून खातो. मोठ्या माशांपुढे त्याचं काही चालत नाही, पण ज्यांनी हौसेने लाल चेरी श्रिंप पाळलीत त्यांच्या घरी तो पिल्लं गट्ट करतो, कात टाकून मऊ झालेल्या कोळंबीलाही सोडत नाही.

आणि चिडून ब्लेडने कापायला जाऊ नका हं. दहावीच्या विज्ञानात पुनर्जननावर मार्क मिळवलेत ना? एकाचे दोन होतात. टी. एच. मॉर्गन या शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवलं, की या किड्याच्या 279व्या भागापासूनही नवा किडा तयार होतो. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जेम्स मॅक्कॉनेल यांनी तर कहर केला. विजेचे झटके देऊन किडे ‘शिकवले’, त्यांचे तुकडे करून न शिकलेल्या किड्यांना खाऊ घातले आणि सांगितलं, की शिक्षण पोटातून उतरलं! इतरांना तो प्रयोग भरवशाने काही जमेना. याच गृहस्थांनी 1959 पासून ‘वर्म रनर्स डायजेस्ट’ नावाचं नियतकालिक चालवलं, त्यात गंभीर शोधनिबंध आणि चेष्टामस्करी शेजारीशेजारी. अंतराळ स्थानकावर पाठवलेल्या तुकड्यांपैकी एक तर चक्क दोन डोकी घेऊन परतला; तो वृत्तांत 2017 साली छापून आला. आणि आपण म्हणतो आपल्याच टाकीत भानगड!

उपाय? काही जण कुत्र्याच्या जंतांचं फेनबेंडाझोल घालतात. काही जण बाजारातली पूड आणतात, जी बनते आपल्या कोकण-गोव्यात पिकते त्याच सुपारीच्या जातीच्या अर्कापासून. म्हणजे किड्याची रीतसर सुपारी! मात्र या दोन्हींत गोगलगायींचा हकनाक बळी जाऊ शकतो, आणि मेलेले किडे एकदम कुजले की पाणी नासून मासेही अडचणीत येतात. त्यापेक्षा मांसाचा तुकडा घातलेला सापळा रात्री ठेवून सकाळी उचलावा, त्यात बोभाटा कमी.

बाकीचे संशयित झटपट आटपू. काचेला चिकटून हातपाय पसरणारा हायड्रा हा किडाच नव्हे, तो जेलीफिशचा नातलग. लालभडक ब्लडवर्म ही न चावणाऱ्या माशीची अळी; रंग हिमोग्लोबिनचा. पण गप्पी माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले, तर चेष्टा बंद. तो कॅमॅलॅनस, आतड्यातला खराखुरा परजीवी. मासा वेगळा ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आता खरी बातमी. पांढरे किडे आपोआप वाढत नाहीत, उरलेल्या खाण्यावर वाढतात. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात, दुपारी आजीला दया येते, शाळेतून आलेला नातू डबाच उपडा करतो, रात्री साहेब ऑफिसचा शीण घालवायला आणखी एक चिमूट. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, खडीतला गाळ नळीने ओढून काढा, पाणी थोडं थोडं बदला. किडे आपोआप आवरतात. पण त्यासाठी टॉर्च किड्यावरून काढून घरच्यांकडे वळवावा लागतो ना! कुळाच्या चौकशीला सगळे पुढे. खाण्याचा डबा कुणाच्या हातात होता म्हटलं, की घरभर सामसूम. आम्ही कुणाचं नाव घेणार नाही. त्या डब्याचं झाकण मात्र आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं म्हणे.