घाटातला ट्रक आणि हवेतला पट्टा

वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट घेताना खोक्यावरची मानके वाचायची असतात. गिऱ्हाईक अँटेना मोजते. ८०२.११ची बाराखडीही अजबच: ‘ए’ आणि ‘बी’ १९९९ची जुळी, २००३ला ‘जी’, २००९ला ‘एन’, २०१३ला ‘एसी’, २०२१ला ‘एएक्स’. हे कोणाच्या ध्यानात राहीना, म्हणून २०१८मध्ये वाय-फाय अलायन्सने ४, ५, ६ असे आकडे दिले. अज्ञानावर चालणाऱ्या धंद्याची तेवढीच गैरसोय झाली.

‘जुनी-नवी सगळी मानके चालतात’ म्हणजे काय, हे कन्नडकरांना शिकवावे लागत नाही. औट्रम घाटात लादलेला ट्रक पहिल्या गिअरवर चढू लागला, की मागची कोरी मोटारही त्याच्याच चालीने कन्नड गाठायची. ११ मेगाबिटचे ‘बी’ उपकरण तेच करते: हवा एक, पाळी एकेकाची, आणि संथ उपकरण आपल्या पाळीला सर्वांचा वेळ खाते. घाटात २०२३ला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अवजड वाहनांना मनाई केली. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये ‘बी’चे वेग सेटिंगमधून बंद होतात, याचिका लागत नाही.

संथ उपकरणे एका पट्ट्यावर ठेवून वेगवान दुसऱ्यावर नेता यावीत, म्हणून दोन पट्ट्यांचे यंत्र घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झ दूरवर पोचतो, पण गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे नमणारा. खोक्यावरचा वेग दोन्हींची कागदी बेरीज असतो. आत येणारी तार ४० मेगाबिटची असेल, तर इंटरनेट ४०चेच. बाकीचा वेग खोक्यातच राहतो.