मूल्ये, बलस्थाने आणि पुणे रस्ता

वैयक्तिक मूल्य, म्हणजे जे जपण्यासाठी माणूस तोटाही सोसतो असे तत्त्व, ही संज्ञा सॉफ्टवेअर व्यवस्थापकाला आठवते ती वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना, म्हणजे पगारवाढीच्या तोंडावर, हा योगायोग नसावा. बलस्थानांसाठी गॅलप या संस्थेच्या चाचणीत 34 गुणांची यादी तयार आहे. तीत रविवारी संध्याकाळी द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्ककडे निघण्याची चिकाटी मात्र नाही, आणि नाशिकच्या व्यवस्थापकाची कारकीर्द तर त्याच गुणावर उभी असते. कारकिर्दीचा मार्ग, म्हणजे पदोन्नतींचा क्रम, इतरांचा वर चढतो. नाशिककराचा सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा दक्षिणेला उतरतो. फॉर्मात ‘कुटुंब प्रथम’ लिहिणाऱ्या या गृहस्थापासून त्याचे कुटुंब सुमारे 210 किलोमीटरवर राहते.