कोठीघरास चुना लावू नये

बर्मिंगहॅम,
9 ऑक्टोबर 2023

तीर्थरूप नानांचे सेवेशी,


आपले पत्र आणि काकूंनी धाडलेले सांडग्यांचे पुडके एकाच दिवशी पोचले. सांडगे येथील कस्टमच्या झडतीतून सुखरूप सुटले; आपला मजकूर मात्र आमच्या घरच्या तपासात अडकून पडला आहे. “आबांचे रिव्हॉल्व्हर मी विकले हे खरे, परंतु कोणास विकले हे या वयात मला विचारणे बरे नव्हे,” एवढ्या एका वाक्यात आपण पन्नास वर्षांचे प्रकरण दफ्तरदाखल करू पाहता, ते मान्य करण्यास मी असमर्थ आहे.

ही उचल आताच कशाची, असे आपण विचाराल. ज्या गावी आमचे बिऱ्हाड आहे, त्याच गावी त्या शस्त्राचा जन्म झाला. आणि सुनेच्या माहेरी राहावयास यावे, तिच्या वडिलांच्या दारावरून रोज जावे आणि ‘तुमची मुलगी आम्ही कुठेशी देऊन टाकली’ हे सांगण्याची पाळी कधी येईल या धाकात राहावे, तशी माझी अवस्था झाली आहे. येथे बंदूकवाल्यांची जुनी पेठ आहे. तीत वीमन स्ट्रीट नावाची गल्ली असून ते शस्त्र घडविणाऱ्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचा कारखाना एके काळी तेथेच होता. थोडे पलीकडे 1813 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेले प्रूफ हाऊस आहे. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून बार काढतात, आणि नळी टिकली तरच तिच्यावर ठसा उमटवितात. (आपल्याकडे जावयांची अशी परीक्षा घेण्याचा प्रघात असता तर आपल्या कुटुंबातील दोन विवाह टळले असते, परंतु तो विषय वेगळा.) या विषयात मुरलेल्या एका वृद्ध गृहस्थांस मी तेथेच गाठले, आणि आबा, त्यांची पऱ्हाटी, सातपुड्यातील रानडुकरे व अकोटची सतरंजी, जिच्या घडीत ते शस्त्र निजत असे, यांचे वीस मिनिटे साद्यंत निरूपण केले. त्यांनी ते अत्यंत सौजन्याने ऐकून घेतले आणि मग एकच शब्द उच्चारला : “नंबर?”

नाना, त्या क्षणी मला कळले की आपल्या घराण्यात त्या रिव्हॉल्व्हरविषयी सर्व काही प्रत्येकास ठाऊक आहे. ठाऊक नाही तो केवळ नंबर.

फोनवरून मी ज्या जबान्या घेतल्या, त्यांची नक्कल सोबत जोडीत नाही, कारण टपाल महाग आहे, सारांश कळवितो. धाकट्या आत्यांच्या मते ते चांदीच्या मुठीचे होते. मोठ्या आत्या हस्तिदंतावर ठाम आहेत. तेल्हाऱ्याचे मामा तर असे निक्षून सांगतात की, 29 नोव्हेंबर 1803 रोजी आडगावच्या मैदानात वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा मोड केला, त्या धामधुमीत एका गोऱ्या अंमलदाराच्या कमरेचे ते गळून पडले व आपल्या पूर्वजांनी उचलले. कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले ते 1836 साली आणि वेब्ली व स्कॉट यांची कंपनी एकत्र झाली ती 1897 साली, हे मी नम्रपणे निवेदन केले, तेव्हा मामा म्हणाले, “बाप्पा, तू इंग्रजाइच्या गावात राह्यतं, तू त्याइचीच बाजू घेशीन!” आपले जुने सालदार तर म्हणतात, “नंबर गिंबर आमाले मालूम नाही, पण आवाज असा का नरनाळ्यालोक जाये.” नरनाळ्याच्या किल्ल्यावरच्या नऊगजी तोफेचा आवाज अकोटात ऐकू आल्याचेही कोणी सांगत नाही; रिव्हॉल्व्हरने मात्र उलट दिशेने तो पराक्रम केला म्हणावयाचा.

वस्तुस्थिती काय, ती मी स्वतः पाहिली आहे, म्हणून लिहितो. आजीला लोखंड गंजलेले खपत नसे. आबांच्या पश्चात तिने ते शस्त्र सरकीच्या ढिगातून काढून, अडकित्त्याबरोबर व विळ्याबरोबर, घाण्यावरच्या शुद्ध जवसाच्या तेलात चांगले न्हाऊ घातले. जवसाचे तेल हवेत सुकून राळेसारखे घट्ट होते, म्हणून तर रंगारी ते वापरतात. साहजिकच पुढल्या आषाढापर्यंत त्या यंत्राचे चक्र असे बसले की आपण, चुलते आणि लोहार अशा तिघांनी मिळूनही ते तसूभर हलले नाही. फिरते म्हणून ज्यास रिव्हॉल्व्हर म्हणावे, ते एकदाही न फिरता आपल्या घरचा दरारा सांभाळीत राहिले. चोरांस हे ठाऊक नव्हते, आणि सरकारासही नव्हते, कारण निवडणूक येवो की दंगा, ते ठाण्यात जमा करण्याचा हुकूम बिनचूक येई आणि आपण ते गंभीर मुद्रेने मालखान्यात पोचते करीत असा.

मग 1972 चा दुष्काळ. परवाना माणसाबरोबर मरतो, शस्त्र मरत नाही. 1959 च्या अधिनियमाप्रमाणे वारसाने आपल्या नावे परवाना काढावा, नाही तर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. अकोल्याच्या खेपांना कंटाळून आपण दुसरा मार्ग पत्करून ते विकलेत आणि आलेल्या पैशांत बैलजोडी घेतलीत. त्यांतला डावा बैल जवसाच्या तेलाशिवायच जागचा हलत नसे, हे मी उणे काढण्यासाठी लिहीत नाही. परंतु पुढे 1980 च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली आणि विलायती वेब्लीचे मोल लाखांच्या भाषेत होऊ लागले, तेव्हा आपण महिनाभर कोणाशी बोलला नाहीत, असे काकू सांगतात.

आता मुख्य विनंती. ते परत मिळविण्याचा माझा हेतू नाही; येथे 1997 च्या कायद्यापासून असे शस्त्र बाळगणे म्हणजे तुरुंगाची वाट, आणि आमच्या सौभाग्यवतीने तर “अगोदर गॅरेज आवरा” असे फर्मान काढले आहे. मला केवळ ते कोणाच्या घरी निजले आहे, एवढे कळावयास हवे. त्यास नंबर पाहिजे. आणि आबा महत्त्वाचे सर्व आकडे कागदावर नव्हे, तर कोठीघराच्या भिंतीवर कोळशाने लिहीत, हे मला काल रात्री अंथरुणात आठवले. दिवाळीचा रंगारी आपण ठरविला असाल, तर कोठीघरास त्याने हात लावू नये. उत्तरेची भिंत, कणगीच्या मागे, माझ्या तेव्हाच्या उंचीएवढ्यावर. जुन्या चुन्याचे पापुद्रे सुरीने हळूहळू काढावेत आणि दिसेल त्या प्रत्येक आकड्याचे छायाचित्र चिरंजीवांकरवी पाठवावे.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक पुतण्या

ता. क. : खरडताना गवळ्याचा हिशेब प्रथम लागेल. त्याचे साडेसात रुपये देणे आहे. तेवढ्या भागावर मात्र चुना लावला तरी चालेल.