पाना सरकारचा, नट टाटांचा

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. विमानं गेली, महाराजाही गेला. छोट्या गावांची अलायन्स एअर आणि दुरुस्तीवाली एआयईएसएल मात्र सरकारकडेच उरल्या. वाटणीत थोरल्याने वाडा घेतला नि गडीमाणसं ओसरीवर राहिली, तसं. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेले हँगर या एआयईएसएलचेच. विमानाचं चाक किती उड्डाणांनी तपासायचं, हे तिथे छापील असतं. आपली कंपनी कधी विकणार, कोणाला, हे मात्र कोणत्याच पुस्तिकेत नाही. म्हणून तिथल्या कामगारांनी चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारायचं.

"का बा, आपलं काय होऊन रायलं?"

"होऊन रायलं ना. प्रक्रिया सुरू हाय."