मरणोत्तर प्रोत्साहन

१४६९ साली व्हेनिसने योहानेस या जर्मन मुद्रकाला पाच वर्षांचा छपाईचा मक्ता दिला. गडी वर्षभरातच वारला, मक्ताही बुडाला. केवढे हे मागासलेपण! आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे जपला. रवींद्रनाथांची मुदत सरत आली तशी १९९२च्या दुरुस्तीने ती ६० केली. बरोबरच आहे, मेलेल्या लेखकाला लिहिते ठेवायचे तर उत्तेजन हवेच. कोणी म्हणेल, सवलत वारसांसाठी आहे. मान्य. मग भाजे लेण्यातल्या पाण्याच्या टाक्यावर दाता म्हणून नाव कोरवणाऱ्या महारठी विण्हुदताच्या वारसांनी काय घोडे मारले? घोटागणिक मानधन द्या, शतकांच्या थकबाकीसह. टाके खोदणाऱ्या पाथरवटाचा तगादा येणार नाही. त्या शिलालेखात त्याचे नावच नाही.