बॅटरी उतरल्यानंतर मुक्या झालेल्या कार-रेडिओस बोलते करण्याबाबत

महिनाभर जागेवर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, शेजारी जंपर केबल लावून गाडी चालू करून देतात, रेडिओ मात्र मौन सोडत नाही. अशा वेळी वाहनमालकाने सर्वप्रथम काहीही करू नये. ही पायरी वाटते तितकी सोपी नाही, कारण बॉनेट उघडं दिसलं की पार्किंगमध्ये तज्ज्ञ जमतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका लांबूनच "जळला तो, आता अँड्रॉइडवाला टाका" असं निदान करतील. वॉचमन वायर हलवून बघायला सांगेल. दोघांचेही आभार मानून बॉनेट बंद करावं.

मग सीटवर बसून रेडिओचा पडदा वाचावा. तिथे इंग्रजीत 'कोड' किंवा 'सेफ' असं दिसलं तर अभिनंदन! रेडिओ धडधाकट आहे, त्याला फक्त तुमचा संशय आलाय. एके काळी कारटेपच्या चोऱ्यांचा असा सुळसुळाट होता की, लोक टेपचं पुढचं पॅनल काढून कोटाच्या खिशात घालत आणि तसेच लग्नाच्या पंगतीला बसत. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी रेडिओत कुलूप घातलं. वीज पूर्ण तुटली की आपल्याला कुणीतरी पळवलं असं तो गृहीत धरतो आणि गुप्त आकडा मागतो. होंडाच्या बऱ्याच रेडिओंना पाच आकडी लागतो, फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या रेडिओंना चार आकडी. दहा वर्षं रोज सोबत जुनी गाणी ऐकली, हा पुरावा ग्राह्य धरला जात नाही.

सदर आकडा गाडीच्या पुस्तिकेसोबत आलेल्या छोट्या कार्डावर असतो किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटवलेला असतो (चोराचीही सोय बघितलेली आहे). ग्लोव्ह बॉक्स उघडण्यापूर्वी मन घट्ट करावं. २०१६ चं पीयूसी, खोपोलीच्या मिसळीचं बिल, कागदासकट विरघळून पुन्हा घट्ट झालेली लिमलेटची गोळी आणि तीन वर्षांपूर्वी ज्यावरून घरात महाभारत झालं तो चष्मा, एवढं बाहेर आल्यावर कार्ड तिथे नाही हे सिद्ध होतं. मग रेडिओचा अनुक्रमांक मिळवावा. होंडाचे काही रेडिओ १ आणि ६ ही बटणं दाबून धरून चालू केले की तो स्वतःच सांगतात. बाकीच्यांना डॅशबोर्डमधून बाहेर ओढावं लागतं, कारण क्रमांक त्यांच्या अंगावर छापलेला असतो. तो आणि आरसी बुक घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं.

अंदाजपंचे आकडे मात्र टाकू नयेत. बायकोचा वाढदिवस आणि लग्नाची तारीख हे दोन्ही प्रयत्न वाया जातात. शिवाय तुम्ही काय टाकताय हे ती शेजारी बसून बघत असते. फोक्सवॅगन घराण्यातले अनेक जुने रेडिओ दोन चुकांनंतर तासभर कुलूप लावतात आणि हा तास रेडिओ चालू ठेवूनच मोजायचा असतो. इंजिन बंद ठेवून मोजलात तर नुकतीच जिवंत झालेली बॅटरी पुन्हा उतरते, आणि काका खाली येतात.

पडदा पूर्ण काळा असेल तर फ्यूज बघावा. जंपर केबल उलटी लागली की तो हमखास उडतो. फ्यूजचा रंग नीट बघून तेवढ्याच अँपिअरचा घालावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०. त्याजागी तांब्याची तार पिळणारे कलावंत अजून आहेत. त्यांना चहा पाजावा, पण गाडीला हात लावू देऊ नये. बाहेरून बसवलेल्या रेडिओला सहसा वीज दोन वाटांनी येते. लाल वायर चावी फिरवल्यावर, पिवळी चोवीस तास. पिवळीच मेली आणि रेडिओ तरीही सुरू झालाच, तर दर वेळी चावी काढली की तो सगळं विसरतो.

रेडिओ बोलू लागला तरी साठवलेली स्टेशनं बहुधा गेलेलीच असतात. पुणेकरांनी १०१ वर विविध भारती लावून बटण दाबून धरावं. घड्याळ लावायची रीत त्याच पुस्तिकेत दिलेली आहे, जी सापडत नाही.